चिंगीचं गुलाबी नाक

२० जानेवारी, मंगळवार
पुन्हा तेच! हातात चहाचा कप घेऊन सासूबाई पिंजऱ्यासमोर, आत टांगलेल्या अंड्यांच्या मटकीत डोकावून जाहीर घोषणा — "न्हाई गं बया, आजबी अंडं न्हाई. वांझ हाय ही."
अहो, लव्हबर्ड आहे ते! आणि मी इथेच ओट्याशी उभी आहे, मला कान आहेत.
ही जोडी ओंकारने गणपतीत आणली. हिरवा गोविंदा, पिवळी चिंगी. निळ्या नाकाचा नर, गुलाबी नाकाची मादी, असं दुकानदाराने सांगितलं. आम्ही माना डोलावल्या.

२३ जानेवारी
सासूबाई गावी, तिकोणा पेठेला जाऊन आल्या. शेतातली मेथी आणली — चिंगीसाठी! राळ्यासोबत खायची म्हणे. उद्या खणानारळाने ओटीही भरतील.

२५ जानेवारी, रविवार
जेवताना सासूबाई ओंकारला म्हणाल्या, "फुडल्या रविवारी हिला दुकानात दिऊन टाक. दुसरी आन." मोबाईलमधून मान वर न काढता हा म्हणतो, "बरं."
दुसरी आण! इतकं सोपं! मला रडूच आलं. उठून भाकरी आणायला गेले.
दोन वर्षं औषधं माझी, सुया मला, उपास माझे. याच्या तपासणीचं नाव काढलं की, "मला काय झालंय? ठणठणीत आहे मी!" वर कंपनीची शिफ्ट आहेच.
नाही देणार मी चिंगीला. काय वाट्टेल ते होवो.

२८ जानेवारी
पक्षी पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर चिंगीचा फोटो टाकला. विचारलं, अंडी का देत नाही? झालं! एक म्हणे ही ल्युटिनो जात, दुसरा म्हणे साधी पिवळीच, तिसरा आणखी भलतंच, आणि मग त्यांचंच जुंपलं. मधेच एका काकांचं "शुभ सकाळ". कुसगावचा कुणी संदेश म्हणाला, ताई, ट्यूबलाइटमधला फोटो नको, उन्हात काढा, डोळे दिसू देत.
डोळे! ही बया कॅमेरा बघितला की पाठ फिरवते. ढीगभर फोटो काढले, सगळे शेपटीचे.

३० जानेवारी
आज गॅलरीतल्या उन्हात दिसले. लाल डोळे! म्हणजे ल्युटिनोच. मग वाचत बसले तर काय — या ल्युटिनोंमध्ये नराचं नाक निळं होतच नाही. जन्मभर गुलाबी! मोठ्या मादीचं फिकट किंवा तपकिरी असतं. नाकाचा जवळून फोटो टाकला, तर ग्रुपवर चक्क एकमत. चिंगी नर आहे!
दोन नर एका पिंजऱ्यात, आणि आम्ही रोज मटकीत डोकावतोय! मी ओरडलेच, "आई, चिंगी बाई नाहीच! बाप्या आहे!"
सासूबाईंनी पिंजऱ्यात वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "मंजी हिच्यात खोट न्हवतीच? उगा बोल लावला म्या, समीक्षा."
एवढंच. मटकी काढून मोरीत घेऊन गेल्या.

१ फेब्रुवारी, रविवार
चिंगीला दुकानात द्यायला ओंकारने पिंजरा उचलला, तर सासूबाई दारात आडव्या. "ठेव त्यो खाली. उद्या कंपनीत सुट्टी टाक. समीक्षाच्या डाक्टरकडं तू जायाचं. मीबी येते."
"आई, मला काय झालंय?"
"त्येच बगायचं हाय."