एक्केचाळीस लाल जागा

तलासरी,
४ जून २०१७

ती. मोतीरामकाकांस,
योगिताचा साष्टांग नमस्कार.

तुमचा पेनड्राइव्ह मिळाला. रानभाज्यांचं पुस्तक उघडलं आणि मला हसू आवरेना. तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाने प्रत्येक भाजीचं नाव पानाच्या मध्यावर आणायला वीस वीस वेळा स्पेसबार दाबलाय. एक नाव ठळक, दुसरं तिरकं, शेवळाचं तर निळं. आमच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या पोरांनी असं केलं असतं तर तुम्हीच त्यांना बाकावर उभं केलं असतं.

यावर उपाय म्हणजे स्टाईल. भाजीच्या नावाची एक, मजकुराची एक, कृतीची एक अशा तीन पॅरेग्राफ स्टाईल करून देतेय. कर्सर ओळीत ठेवून स्टाईलच्या नावावर क्लिक करायचं, बस. उद्या नावं मोठी करावीशी वाटली तर स्टाईल बदला, सगळी नावं एकदम बदलतील. एखाद्या शब्दापुरतंच काही वेगळं हवं असेल तर कॅरेक्टर स्टाईल असते, ती कशी करायची ते सोबतच्या कागदावर लिहिलंय.

काकूंना नमस्कार. माझ्यावरची माया तशीच राहू द्या आणि स्पेसबारला थोडी विश्रांती द्या.

तुमची पुतणी,
योगिता


आशागड,
१५ जून २०१७

चि. योगितास,
अनेक आशीर्वाद.

बाकावर उभं राहून झालं. स्टाईल जमली. भीत भीत तिचा आकार कमी केला तर बासष्टच्या बासष्ट भाज्यांची नावं लहान झाली. हेडमास्तर असतानाही वर्गाने माझं इतकं ऐकलं नव्हतं. मग एक कॅरेक्टर स्टाईलही मी स्वतःच बनवली, लाल रंगाची. तुझी काकू म्हणते की हा माणूस आता हाकेला उठत नाही, क्लिकच करावं लागणार.

ऑगस्टात तालुक्याला रानभाज्यांचा मेळावा आहे. तोवर पुस्तक छापून यायला हवं. तेवढे लाल शब्द तू एका झटक्यात काळे कर आणि फाईल छापखान्यात दे. ते लाल का आहेत हे बघत बसू नकोस, वेळ जाईल. पेनड्राइव्ह जावईबापूंच्या हाती देतोय.

असाच जीव लावत राहा.

तुझा काका,
मोतीराम


तलासरी,
१९ जून २०१७

ती. काकांस,
सा. न.

बघत बसू नकोस म्हणालात, म्हणून आधी तेच बघितलं. स्टाईलला तुम्ही नाव दिलंय ‘दादाला विचार’. त्या नावावर राईट क्लिक केलं की ती किती जागी वापरलीय ते दिसतं. एक्केचाळीस. एक्केचाळीस गोष्टी माझ्या बाबांना विचारायच्यात आणि आशागडहून त्यांच्याकडे कैनाडला जायला तुमचे पाय उचलत नाहीत. रंग तुम्हालाही बदलता आला असता. हात धजावला नाही, म्हणून काम माझ्यावर ढकललंत.

कारण मला माहीत आहे. माझ्या लग्नाच्या मांडवात कुणी बाबांना झाडपाल्याचं काही विचारत होतं, तेव्हा तुम्ही चारचौघांत म्हणालात की त्या अंगठेबहाद्दराला काय विचारता. सहा वर्षं झाली, तुम्ही दोघं सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाही. मला फार वाईट वाटतं, काका.

कडूकंद उकडून किती पाण्यांतून काढायचा, तो आकडाही लाल आहे. तो चुकला तर पुस्तक वाचून लोक आजारी पडतील. तेव्हा मी काही काळं करणार नाही. सगळ्या पानांची प्रिंट सोबत पाठवतेय. बाबांना वाचता येत नाही, तुम्हालाच बसून वाचून दाखवावं लागेल.

राग आला तरी लोभ कमी करू नये.

हट्टी पुतणी,
योगिता


आशागड,
२७ जून २०१७

चि. योगितास,
आशीर्वाद.

काल गेलो. दादा ओट्यावर दोर वळत होता. बस म्हणाला नाही, पण दोर बाजूला सरकवला. मी कडूकंदापासून वाचायला लागलो. मी तीन पाणी लिहिलं होतं. दादा म्हणाला की तीन पाण्यांतला कंद आधी मास्तरांनी खाऊन दाखवावा.

मग मी मांडवातल्या बोलण्याची माफी मागितली. त्याने वर न बघता पुढचा शब्द वाचायला सांगितलं. चार शब्द झाल्यावर म्हणाला की आज पुरे, बाकीचं उद्या.

तुझ्या हट्टाला आशीर्वाद देणारा,
काका


तलासरी,
२२ जुलै २०१७

ती. काकांस,
सा. न.

रोज चार म्हणजे अकरा दिवसांचं काम. जवळजवळ महिना झाला. छापखान्यातून दोनदा फोन आला, म्हणून तुम्ही काल पाठवलेली फाईल बघितली. उत्तरं आलेले शब्द तुम्ही काळे केलेत, तरीही लाल जागा तेवीस. जूनमध्ये जे शब्द काळे होते, ते आता लाल झालेत. त्यात अळूसुद्धा आहे. काका, अळूबद्दल तुम्हाला नक्की काय विचारायचंय?

उत्तराची वाट बघणारी,
योगिता


आशागड,
२९ जुलै २०१७

चि. योगितास,
अनेक आशीर्वाद.

पकडलंस. शेवटचे दोन लाल शब्द उरले त्या दिवशी मला धस्स झालं. पुस्तक संपलं की कैनाडला जायचं ते कशासाठी? म्हणून घरी येऊन टाकळा लाल केला, करटोली लाल केली. सुचेनासं झालं तेव्हा अळू. मेळावा पुढच्या वर्षीही भरेल, छापखान्याला तसं कळव. दादा चौऱ्याहत्तरचा झालाय.

काल अळूपाशी आलो. अळू खाल्लं नाही असं घर आपल्या तालुक्यात सापडायचं नाही. दादाने हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला की हा प्रश्न अवघड आहे, विचार करून सांगावं लागेल, तू उद्या ये.

आमच्या दोघांचा लोभ तुझ्यावर आहेच.

तुझा काका,
मोतीराम