पुईची पाठवणी आणि बॅगपाइप

१४ मार्च १९९८, हाँगकाँग
भिंतींना पाणी सुटलंय. हुंगचा खोकला थांबत नाही, आणि आमच्या लेकीचं, पुईचं लग्न दोन महिन्यांवर! नवरामुलगा न्यायला आला की बाप बॅगपाइप वाजवत लेकीला खाली गाडीपर्यंत सोडणार – ती सात वर्षांची असताना दिलेला शब्द. पोलीस बँडमध्ये जन्म गेला माणसाचा, पण घरच्या कार्यात वाजवणं काही झालं नाही.

१७ मार्च
वन्सं आल्या होत्या. म्हणाल्या, "पाठवणी आहे की प्रेतयात्रा? पोलीस गेला की वाजवता ना ते?" हुंग म्हणाला, "ताई, बँडच्या गोऱ्या मेजरनं मला आधी वरातीची धून शिकवली. मेलेले नंतर आले." मला हसू आवरेना.

२ एप्रिल
डॉक्टरांनी पाइपची, तोंडानं फुंकून हवा भरायची ती पिशवी घेऊन बोलावलं होतं. उघडली तर आत हिरवी बुरशी! कातडं मऊ राहावं म्हणून आत मध ओतायचा, हे मेजरचं शिक्षण. त्याच्या थंड स्कॉटलंडात चालत असेल. इथल्या दमट हवेत हा शहाणा वर्षानुवर्षं ओततोय, आणि तीच बुरशी छातीत गेली.

"फुंकणं बंद. कायमचं," डॉक्टर म्हणाले. घरी आलो. पिशवी मीच टाकून दिली. फार वाईट वाटलं.

१९ एप्रिल
नवी पिशवी आणलीय त्यानं! पाकिस्तानातल्या सियालकोटची, तिकडे बनतात म्हणे. मी भडकले, "मरायचंय का?" तर म्हणतो, "नुसती काखेत धरतो गं." आणि खरंच धरून बसला, नळीवर बोटं नाचवत. आवाज नाही.

पुई स्वयंपाकघरात येऊन रडली. "आई, मला पाइप नको, बाबा हवेत. तूच सांग त्यांना."

सांगायला गेले. त्याची बोटं बघत उभी राहिले. जीव तुटला माझा. नाही सांगितलं.

२६ एप्रिल
भाजीला जातो म्हणून दोघं सकाळीच मागच्या टेकडीवर गेलो. आता गाल ठणकतायत. पुईला इतक्यात कळू द्यायचं नाही. भाजी आणायची राहिलीच.

१० मे
पुईनं दाराबाहेर पाऊल टाकलं आणि पाइप वाजला. पिशवी हुंगच्या काखेत, बोटंही त्याचीच. फुंकत मी होते.