उजव्या गालाचा चट्टा

सोमवार, २ डिसेंबर १९६३. मलकापूर

सगळ्यांच्या तब्येती एकेक करून – बायकोचा, अन्नपूर्णाचा, गुडघा कालच्यापेक्षा बरा, पण ती तसं कबूल करणार नाही. प्रेसचे मालक भगवानराव, त्यांच्या दम्यानं थंडीत उचल खाल्ली. गादीवर बसूनच शाई पातळ कर, शाई घट्ट कर, चाललेलं असतं. आमचं ट्रेडल, पायानं चालवायचं छपाईचं यंत्र, कुरकुरत होतं, त्याला तेल पाजलं, गप्प झालं. माझे डोळे ठीक – भिंग हाताशी असलं म्हणजे. आणि मालकांचे जावई हिंमतराव? त्यांना काहीएक झालेलं नाही. तेच आम्हा सगळ्यांचं दुखणं!

मुंबईला दोन वर्षं छपाई शिकून आलेत. आल्या आल्या जिनिंगच्या शेटजींच्या सत्काराचं पत्रक हातात घेतलं आणि शेटजींच्या फोटोचा ब्लॉक, म्हणजे छापायचा धातूचा ठसा, थेट मुंबईहून मागवला. एकशेवीस लाइनींचा, म्हणजे इंचात ठिपक्यांच्या एकशेवीस ओळी! म्हणे ठिपके जितके बारीक तितका चेहरा साफ. बारीक ठिपके गुळगुळीत कागदावर शोभतात, बाबा. आमचा कागद गोणपाटाचा चुलतभाऊ. शाई ठिपक्याठिपक्यांत भरली आणि शेटजी निघाले तव्याच्या बुडासारखे. मिशी कुठं संपते न् गाल कुठं सुरू होतो, त्यांच्या आईनंही ओळखू नये. पाचशे प्रती छापून झाल्यावर साहेब म्हणाले, कागद बरोबर नाही. आता कागदानं मुंबईला जाऊन शिकून यावं काय?

मी चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. पेपरातल्या फोटोवर भिंग धरून बसायचो. तेव्हा कळलं की तिथं चेहरा नाहीच – नुसते ठिपके. अंधार तिथं जाड, उजेड तिथं बारीक. खरखरीत कागदाला ठिपका मोठा लागतो, म्हणजे त्याच्या भोवती शाईला मोकळी जागा राहते. एवढं कळायला मुंबई लागत नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर

दुपारी देऊळघाटची एक बाई आली. वच्छलाबाई. मेथी-वांग्याचा मळा आहे. नवरा इंद्रभान वैशाखात इथल्याच बाजारात आला, परत गेला नाही. दोन वर्षांपूर्वी ताप डोक्यात गेला, तेव्हापासून मधूनमधून सगळं विसरतो – घर, गाव, स्वतःचं नाव सुद्धा. लिहिता-वाचता कधीच येत नव्हतं. सात महिने ही बाई गाडीगाडीला विचारत फिरते आहे. कुणीतरी सांगितलं, फोटो छापून टेशनाटेशनाला लाव.

सगळ्या बोलण्यात एकदाही रडली नाही. फक्त म्हणाली, "भाऊ, मी आता आंघोळ झाली का कुंकू लावतो तं हात थांबते. लावू का नाही, ते तरी कळू द्या."

मालकांनी छपाईचं काही घ्यायचं नाही म्हणून सांगितलं. दमेकरी आहे, पण माणूस चांगला.

शनिवार, ७ डिसेंबर

फोटो पाहिला. मुलीच्या लग्नात बुलढाण्याच्या एका स्टुडिओत काढलेला. काय तो फोटो! शेतातल्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा चेहरा, आणि त्यावर सुरकुती नाही, डाग नाही. काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून फिरवून गाल असा गुळगुळीत केला आहे की वाटावं लोण्याचा गोळा. ही फोटोवाल्यांची जात मला कधी आवडली नाही. माणूस समोर बसतो आणि ते त्याच्या जागी दुसराच बरा दिसणारा माणूस काढून देतात. वर त्याला कारागिरी म्हणतात!

बाईला विचारलं, हा असाच दिसतो का? ती म्हणाली की असाच, पण गालावर मोठा चट्टा आहे. गुऱ्हाळावर उकळत्या कढईतला रस उडाला होता. डोळ्याखालून जबड्यापर्यंत, पांढरट, चकचकीत. फोटोवाल्यानं पुसला आणि तेव्हा सगळ्यांना फार बरं वाटलं. स्वतःच्या गालावर बोट फिरवून दाखवलं. उजवा गाल.

म्हणजे ज्या खुणेनं माणूस हजारात ओळखू यावा, तेवढीच नेमकी पुसून ठेवली.

फोटो अकोल्याला ब्लॉकवाल्याकडे रवाना. मोठ्या ठिपक्यांचा कर, असं दोनदा लिहिलं. शहाणपणा करू नको, असं एकदा.

मंगळवार, १० डिसेंबर

ब्लॉक नाही. हिंमतराव आरशात मिशी पाहतात.

शुक्रवार, १३ डिसेंबर

ब्लॉक आला. अकोलेवाल्यानं ऐकलं, ठिपके मोठे, मोकळे. आज दिवसभर दुसरं काम केलं नाही.

चट्टा पांढरा, म्हणजे शाई नको. जिथं धातू खरवडला तिथं शाई लागत नाही. भिंगाखाली धरून बारीक टोच्यानं एकेक ठिपका उडवला. डोळ्याखालून सुरुवात, जबड्याला शेवट. मग ब्लॉकच्या मागून केसांच्या आणि डोळ्यांच्या जागी पतंगाच्या कागदाचे तुकडे चिकटवले, एकावर एक तीन, म्हणजे तिथं दाब जास्त बसून काळं ठसठशीत उठेल. गालाखाली काहीच नाही, तिथं हलकं. पहिला कागद काढला आणि मालक गादीवरून उठून आले! डोळे बघत होते कागदातून. गालावर चट्टा चमकत होता.

हिंमतराव म्हणाले, "काका, एक प्रूफ त्या बाईले दाखवून घ्या ना. आन् मजकुरात कोणता गाल ते लिवा."

मी म्हटलं, प्रूफ दाखवायला देऊळघाट काही मागच्या अंगणात नाही. आणि फोटो समोर छापल्यावर गाल कोणता ते लिहायचं कशाला, लोकांचे डोळे फुटलेत? पुढं मनात म्हटलं ते इथं लिहितो – ज्यानं पाचशे कागदांवर कोळसा फासला त्यानं मला प्रूफ शिकवावं! चाळीस वर्षं छपाईचे खिळे उलटे वाचतो आहे मी. हा सुलटं वाचायला मुंबईला गेला होता.

शनिवार, १४ डिसेंबर

छापून झालं. ‘हरवला आहे’ वर मोठ्या टायपात, मध्ये फोटो, खाली नाव, गाव, गालावर भाजल्याचा चट्टा, प्रेसचा पत्ता. गार्ड, ट्रकवाले, हॉटेलवाले, सगळ्यांना वाटली. गाडीनं दोन्ही बाजूंना गेली. वच्छलाबाईला टपालानं पाठवायची राहिली. पाठवीन.

गुरुवार, १९ डिसेंबर

लोकांना डोळे असतात हे कुणी सांगितलं? एकजण म्हातारा गोसावी घेऊन आला – सत्तर वर्षांचा, जटा! विचारलं, चट्टा कुठं आहे? तर म्हणे, जटेखाली असंल. दुसऱ्यानं स्वतःच्या मेहुण्याला आणलं, त्याला दारू सोडायची ताकीद देण्यासाठी. आणि बसस्टँडवर मला भजी कशात बांधून मिळाली? आमच्याच पत्रकात. तेल इंद्रभानच्या कपाळावर. इतकी मेहनत या अशा दुनियेसाठी घ्यायची.

वच्छलाबाईला पत्रक अजून पाठवलेलं नाही.

सोमवार, २३ डिसेंबर

बोदवडहून कार्ड आलं. टेशनाजवळच्या चहावाल्याचं, तुळशीराम नाव. तसंच उतरून ठेवतो, म्हणजे मला विसरता येणार नाही.

‘आमच्याकडे दिवाळीपासून एक गप्प माणूस कपबशा धुवायला होता. नाव सांगता येत नव्हतं. तुमचं पत्रक आल्यावर त्याला समोर उभा करून ताडून पाहिला. नाक, कान, कपाळ तेच. पण तुमच्या फोटोत चट्टा डाव्या गालाला आहे, याला उजव्या. म्हणून हा तो नव्हे असं ठरवलं. परवा पहाटे न सांगता कुठं निघून गेला. मनाला रुखरुख लागली म्हणून लिहितो.’

कार्ड वाचलं. पत्रक पाहिलं. चट्टा डाव्या गालाला.

फोटोत माणसाचा उजवा गाल आपल्या डाव्या हाताला येतो. मी डाव्या हातालाच खरवडला. पण मी फोटोवर नव्हतो खरवडत, ब्लॉकवर खरवडत होतो, आणि ब्लॉक उलटा असतो. हे मला माहीत नाही? मलाच तर माहीत आहे! अक्षर चुकलं असतं तर झोपेत पकडलं असतं. चेहरा उलटा वाचायची सवय नव्हती, आणि ती नाही हेही मला ठाऊक नव्हतं. बाईनं प्रूफ एकदा पाहिलं असतं तर बोट ठेवलं असतं.

स्टुडिओवाल्यानं चट्टा पुसला तर निदान माणूस चट्ट्याशिवायचा राहिला. मी तर त्याचा दुसराच माणूस केला. माणूस चहाच्या दुकानात पत्रकाच्या पुढ्यात उभा, आणि माझ्या छपाईनं सांगितलं, हा तो नाही.

हिंमतरावांनी कार्ड वाचलं. माझ्या हातात परत ठेवलं आणि शाईचं भांडं घासायला गेले. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

मंगळवार, २४ डिसेंबर

एस.टी.नं देऊळघाटला गेलो. टपालानं कळवायची ही गोष्ट नाही. वच्छलाबाई मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होती. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आधी माझ्या चुकीचं आणि मग कार्डाचं, म्हणजे मला मधेच पळता येऊ नये.

ती जुडी बांधत राहिली. मग म्हणाली, "कपबशा धूत होता? माह्या घरी पाण्याचा गिलास उचलून ठेवला नाही त्यानं."

गाठ आवळून, "म्हंजे जिता आहे."

मी हो म्हटलं. बोदवड सोडलं त्या पहाटेपर्यंत तरी.

तिनं पत्रक घेऊन पाहिलं. बोट त्या चट्ट्यावर ठेवलं, मग दुसऱ्या गालावर. विचारलं, हे कोणी केलं? मी सांगितलं, माझ्या हातानं.

"मंग पुन्हा तुम्हीच करा. आता दुसऱ्याच्या हाती देऊ नका."

शिव्या दिल्या असत्या तर परतीचा रस्ता सोपा गेला असता. जुडी दिली हातात. अन्नपूर्णानं भाजी केली, मी भाकरी मिठाशी खाल्ली.

बुधवार, २५ डिसेंबर

अकोल्याला दुसऱ्या ब्लॉकसाठी फोटो धाडला. हिंमतरावांना म्हटलं, या वेळी प्रूफ तुम्ही तपासा. त्यांनी ‘हो काका’ म्हटलं, छाती फुगवली नाही. हे पोरगं मला वाटलं तेवढं बिनकामाचं नाही. (हे वाक्य मालकांना दाखवायचं नाही.)

शुक्रवार, २७ डिसेंबर

काल दुपारी प्रेसच्या दारात एक माणूस. पायांना भेगा, हातात आमचं पत्रक, चार घड्या घातलेलं. बोदवडहून रुळाच्या कडेनं चालत आला. मध्ये भुसावळकडे भरकटला होता, रेल्वेच्या एका गँगमननं पत्रकावरचा पत्ता पाहून वळवला. मालकांपुढे पत्रक धरून म्हणाला, "हे तोंड माह्यं आहे. न्हाव्याच्या आरशात रोज पाह्यतो, डाग अस्साच, याच बाजूले दिसते. चहावाला नाही म्हणे. मी म्हणतो, मीच. खाली माह्यं नाव काय लिवलं आहे, तेवढं वाचून दाखवा."

वाचून दाखवलं. तीनदा.

काल संध्याकाळच्या एस.टी.नं निरोप धाडला, आज सकाळी वच्छलाबाई आली. कपाळावर कुंकू. प्रेसमध्ये बसूनच, तिच्या सांगण्यावरून, तुळशीरामला कार्ड लिहिलं – माणूस पोचला. दिवाळीपासून त्यानं तिथं काय खाल्लं, कुठं निजला, कधी काही बोलला का, सगळं कळवा. त्याला आठवत नाही आणि ती विचारते आहे. पत्र लवकर टाका.