खारबांधाला लागलेली कुदळ

घरून,
२१ ऑगस्ट

चि. दिपेशला आबांचा आशीर्वाद.

घरी सगळे खुशाल. हे वाक्य मी नेहमी सवयीनं लिहायचो, या वेळी घरभर फिरून, बघून लिहितोय. तुझ्या लेकीचा, भाविकाचा ताप उतरला. म्हैस व्यायली, रेडी झाली. शेजारची ठमाबाई पूर्वीसारखीच सगळ्यांना शिव्या घालते आहे, म्हणजे गाव ठीक आहे.

पत्र कशाला, फोन नाही का, असं म्हणशील. परवा तू तुझ्या बायकोवर, हेमांगीवर, फोनवर ओरडलास, "कोणाला विचारून बांध फोडलास?" आणि ठेवून दिलास. त्यानंतर माझाही फोन उचलत नाहीस. गुजरातेत ट्रेलर चालवतोस म्हणजे लाटसाहेब झालास काय? पत्राला मध्येच तोडता येत नाही. गुमान वाच.

पावसाळ्यात खारबांधाला कुदळ लावायची नाही, ही माझ्या बापाची शिस्त आणि माझीही. चिंबोऱ्यांसाठी बांधात बीळ उकरलं म्हणून तुझ्या सख्ख्या काकाला मी भर गावकीत कान धरायला लावले होते. एवढीशी फट राहिली की खाडी आत येते, आणि खारं पाणी शिरलेल्या शेतात पुढं दोन-तीन वर्षं भात होत नाही. हे तुला मी काय सांगू!

पण रविवारी पाणी खाडीकडून आलं नव्हतं. दोन दिवस वरून नुसता धो धो पाऊस, आणि पाणी बाहेर सोडायच्या उघाडीचं दार वाहून आलेल्या ओंडक्यानं अडकलेलं. खालच्या आळीत कमरेएवढं पाणी. ठमाबाई भाताच्या कणगीवर चढून बसलेली आणि वरून ओरडतेय, "मी न्हाय उतरायची, मेल्यांनो!"

ओहोटी लागली होती. हेमांगी मला म्हणाली, "आबा, बांध फोडू या."

"डोकं फिरलंय काय तुझं? सरपंच झालीस म्हणून काय पण करशील?"

"बांध खाडीला बाहेर ठेवायला हाय ना? आज पाणी आत हाय. माणसं बुडवून बांध राखायचा कोणासाठी?"

"मग गावकी बसव. सगळ्यांना विचार."

"गावकी उठेस्तवर भरती येईल, आबा."

मला वाटलं, आता ही धावत जाऊन फोडणार. तसं नाही केलं तिनं. आधी मातीनं गोणी भरून घेतल्या, मेढी आणि बांबू बांधावर आणवले. आपल्या शेजारच्या शेताचा भागोजी हसला, "फोडायच्या आधीच बुजवायची तयारी?" तर म्हणाली, "बुजवता येणार नसेल तर फोडायचाच न्हाय." आयुष्यभर मी बांध राखला, पण मला नुसतं नको म्हणायला येत होतं.

आता तुला जे टोचलंय ते. फोडायचा कुठं? भागोजीचं शेत सखल, आपलंही तेवढंच. लोक भागोजीच्या शेताकडे बघायला लागले. त्याचा चेहरा उतरला. हेमांगी म्हणाली, "आमच्या शेतातून." मी तिच्याकडे बघितलं तर हळूच म्हणते, "दुसऱ्याचं शेत घातलं पाण्यात, तर उद्या माझं कोण ऐकेल?"

मग कुदळ कोणी उचलेना. विनेशसारखा आडदांड गडी, तोही मागं सरला. शेवटी तिनंच उचलली. मी जाऊन तिच्या हातातली कुदळ काढून घेतली. सगळ्यांना वाटलं, म्हातारा अडवतोय.

दिपेश, पहिला घाव मी घातला.

तासाभरात आळीतलं पाणी उतरलं. भरतीच्या आत बायाबापड्यांसकट सगळं गाव गोणी टाकत होतं. शेवटचं वीतभर तोंड मात्र बुजायच्या आधी भरतीनं गाठलं. आपलं भात गेलं. पुढल्या वर्षीचंही धरू नकोस. पण खालच्या आळीतलं मांजरसुद्धा दगावलं नाही! काल भागोजी ओटीवर येऊन म्हणाला, पुढल्या वर्षी माझं अर्धं शेत तुम्ही लावा. मी हो म्हटलं, लाजलो नाही.

हेमांगी दिवसभर हसून सगळ्यांना उत्तरं देते. संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसते. विचारलं तर म्हणते, चार्जिंग बघतेय. चार्जिंग कसली बघते, मला काय कळत नाही? रागवायचं असेल तर घाव घालणाऱ्यावर रागव, मी घरीच आहे. पण आधी तिला फोन कर. शाबास म्हण. मला ते अजून तोंडानं म्हणता आलेलं नाही.

सत्तरीत पहिल्यांदा शिस्त मोडून बिनघोर झोपलेला,
तुझा बाप,
येसाजी