पेरियम्मा म्हणते, ठीक आहे

९ जून
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. कोईमतूरची हवा अशी की पंखासुद्धा नावापुरता, आणि ऑफिसाखालच्या मेसमधली इडली घरच्यापेक्षा मऊ (हे अप्पांना सांगायचं नाही). इथे सगळे इतक्या अदबीनं बोलतात की रागावलेत की जेवायला बोलावताहेत ते कळत नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मनगटाला आमची कंपनी पट्टा बांधते. नाडी, चालणं, झोप, सगळं आमच्याकडे येतं आणि मस्कत-शिकागोतल्या मुलांच्या फोनवर दिसतं. हिरवं दिसलं की आई ठीक.

१५ जून
उडुमलैला घरी जाऊन अप्पांना पट्टा बांधला. आम्हा कामावरच्यांना तो फुकट मिळतो. अम्मा गेल्यापासून त्यांचं हृदय अधूनमधून रुसतं आणि ते कुणाला सांगत नाहीत. गाईला बांधतात तसं बांधलंस म्हणून कुरकुरले, पण शेजारच्या पळनियम्माळना लगेच मनगट दाखवून आले. परतताना बसमध्ये मी फोनवर हिरवं बघत होते. किती दिवसांनी निवांत वाटलं.

२१ जून
शनिवार, अप्पांचं तेल लावून न्हाणं. पट्टा खराब होईल म्हणून सकाळीच काढून खिडकीत ठेवला आणि जेवण होईपर्यंत विसरले, असं त्यांनीच फोनवर सांगितलं. मी तर सकाळभर बघत होते. नाडी बहात्तर, परसात चालत आहेत. मग बहात्तर कुणाची?

२३ जून
मरगदमक्कांना विचारलं. सर्व्हर त्या सांभाळतात. ऑफिसात त्याला पेरियम्मा म्हणतात, कारण थोरली मावशी कशी सगळ्या पोरांची पापं पोटात घालते, तसं त्याचं आहे. अक्कांनी समजावलं ते असं. सर्व्हर म्हणजे वाढपी आणि आमचे प्रोग्राम म्हणजे आतले आचारी. पट्ट्याकडून काहीच आलं नाही की आमचा प्रोग्राम कोलमडतो. चूक जुनी आहे, कुणी दुरुस्त केली नाही. पेरियम्मा बोंब मारत नाही. तो प्रोग्राम गुपचूप पुन्हा उभा करते आणि तोवर मागचंच ताट पुन्हा वाढते. गिऱ्हाइकाला वाटतं, ताजं आहे.

मालकांकडे, सेंगोडन सारांकडे (इथे सरांना सार म्हणतात) गेले. त्यांनी कॉफी मागवली आणि हसून म्हणाले, "तांदूळ संपले असं घरात कुणी म्हणतं का, याळिनी? भरपूर आहेत म्हणतात. मग आईची खबर नाही असं पडद्यावर कसं लिहायचं?"

मी कप रिकामा केला. कॉफी छान होती.

८ जुलै
आज माझाच प्रोग्राम दुपारभर पडत होता. पेरियम्मा उचलत राहिली. कुणी ओरडलं नाही, कुणाचा फोन आला नाही. सुरुवातीला मी लाजेनं जेवलेही नसते. आज दोन भात घेतले. दुरुस्ती उद्या करीन.

२२ जुलै
कारमडैच्या रासाम्माळ आजी गेल्या. कळलं आज, गेल्या कधीच्या होत्या. आमच्याकडे हिरवं होतं. मस्कतमधला मुलगा रोज फोनवर ते बघून कामाला जात होता. सेंगोडन सार स्वतः अंत्यविधीला गेले, तिथे रडले म्हणे. ऑफिसतर्फे द्यायचा हार मागवायला मी विसरले, एवढंच मनाला लागलं. बाकी काही लागलं नाही.

२५ जुलै
आजींना जाळून तीन दिवस झाले. पडद्यावर आजी अंगण झाडताहेत, नाडी अडुसष्ट. मी नाव काढून टाकलं. काढलं, असं पेरियम्मानं सांगितलं. पुन्हा उघडलं तर आजी झाडताहेतच. नाव काढणारा प्रोग्रामही मोडकाच आहे.

२९ जुलै
आजींसारखे आणखी किती असतील? मागचंच ताट वाढायची पेरियम्माची ही सवय बंद केली तर खरं ते दिसेल. सारांना सांगितलं. त्यांनी हात जोडले. एकदम शेकडो पडदे लाल होतील, शिकागोतली मुलं रात्रीची धावाधाव करतील, आपण उघडे पडू. शिवाय आडी महिना आहे, या महिन्यात काही सुरू करत नाहीत, मोडत नाहीत. पुढचा आवणी महिना लागला की करू.

मी बरं म्हटलं. हायसं वाटलं, हे लिहून ठेवते.

९ ऑगस्ट
अप्पा फोन उचलत नाहीत. परसातल्या नारळांच्या नादात विसरले असतील. हिरवं आहे.

१० ऑगस्ट
उचलत नाहीत. रविवार होता, जाता आलं असतं. कपडे धुतले. पळनियम्माळ लेकीकडे गेल्यात. पेरियम्मा म्हणते, परसात चालत आहेत.

११ ऑगस्ट
बहात्तर. सकाळी बहात्तर, दुपारी बहात्तर. हे काय आहे ते मला ठाऊक आहे. भीती वाटायला हवी. छातीत हात घालून शोधावं आणि काही सापडू नये, तसं — मरगदमक्का म्हणाल्या, जा गं पोरी. आज जाऊन ये. मी म्हटलं, उद्या.

१२ ऑगस्ट
बस चुकवली. मुद्दाम —

१३ ऑगस्ट
उडुमलै. दार आतून लावलेलं. पळनियम्माळ परतल्यात, पहार आणायला गेल्या. जाताना पदर नाकाला होता.

मी ओट्यावर. हाक मारलेली नाही. मारली की कळेल. फोनवर हिरवं. परसात चालत आहेत. परस इथून दिसतं — नारळ, हौद — कुणी —

वासाला सवय होते.

पळनियम्माळ आल्या. पहार दारात घातली. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, थांबा ना जरा, अप्पा ठीक आहेत, हे बघा, मागे परसात चालत —