नमुना क्रमांक सतरा

सोमवार, ६ जानेवारी
मुलुंडच्या प्रयोगशाळेत रुजू झाले, तेही सुजलेला गाल घेऊन. परवाच चिपळूणला अक्कलदाढ काढली. आईने ती पुडीत बांधून दिली, का ते तिलाच माहीत. पण कामाला आली. इथे नव्या माणसाने आपल्या शरीरातलं काहीतरी द्यायचं असतं, म्हणजे आपला केस चुकून तपासणीत पडला तर ओळखता येतो. सगळे नखं देतात, मी दाढ दिली. मालक अनंत सर हसले. म्हणाले, दाढ देणारी तू दुसरी. पहिला सिद्धेश, माझ्या आधी या जागेवर होता तो. त्याचा नमुना सतरा, माझा अठरा. तो म्हणे दुबईला गेला.

राहायला घाटकोपरला, सिद्धेशच्याच खोलीत. आमचा ड्रायव्हर धोंडिराम त्याच चाळीतला, त्याने जमवून दिलं. सिद्धेशची आई विमलाकाकू कुळथाची पिठी अशी करतात की मी तीनदा भात घेतला. दुबईहून त्याचा एक मेसेज आला, त्यानंतर दोन महिने काही नाही. "माझो झील असो नाय," माझा मुलगा असा गप्प राहणारा नाही, एवढंच त्या म्हणत राहिल्या. शोधते म्हणाले.

बुधवार, ८ जानेवारी
खाडीकाठच्या वस्तीत पोरांच्या रक्तात शिसं सापडलंय. ते कुठून येतं, हे मी सांगायचं. प्रत्येक खाणीतल्या शिशात हलक्या-जड अणूंचं प्रमाण वेगळं असतं. वितळवा, जाळा, धूळ करा, ते बदलत नाही. पोराच्या रक्तातलं आणि भट्टीच्या धुळीतलं प्रमाण जुळलं की चोर सापडला. हे काम मला मनापासून आवडतं.

शुक्रवार, १० जानेवारी
धोंडिरामबरोबर दहा ठिकाणची धूळ आणली. खारफुटीआड एक पत्र्याची शेड आहे, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतात. तिथे थांबायला धोंडिराम तयारच नव्हता. मी हट्टाने राखेच्या ढिगातून पिशवी भरली.

सोमवार, १३ जानेवारी
राख चाळताना दात निघाला. माणसाचा, खालची दाढ. जबड्याचा तुकडा चिकटलेला, ठेचलेला. दाढेला चांदीची टोपी. मी बेसिनवर ओकले.

मग काम केलं. दाढेच्या आतल्या थरात लहानपणच्या पाण्या-मातीची खूण राहते. यंत्रावर लावलं. नमुना सतराशी जुळलं, तिसऱ्या दशांशापर्यंत.

संध्याकाळी काकूंना सहज विचारलं. हो, सिद्धेशच्या दाढेला चांदीची टोपी आहे, त्याला गोड फार आवडतं ना. तिळाचे लाडू त्याच्यासाठी वेगळे ठेवलेत त्यांनी. मला सांगवेना.

मंगळवार, १४ जानेवारी
इथला नियम, असा निकाल दुसऱ्या सहीशिवाय बाहेर जात नाही. मी शहाणी, नियम पाळला. कागद सरांपुढे ठेवला. सरांनी शांतपणे वाचला. म्हणाले, कप्प्यातला जुना नमुना मिसळला असणार, विसर. मग मला तिळगूळ दिला.

दुपारी कप्पा उघडला. सतरा नंबरची बाटली नाही.
राखेतली दाढ माझ्या पर्समध्ये होती. हे सरांना माहीत नाही.

गुरुवार, १६ जानेवारी
सरांच्या गाडीतल्या पायपुसण्याची धूळ कापसाने टिपली, यंत्रावर लावली. त्या शेडचंच शिसं. तेच प्रमाण, तंतोतंत.

धोंडिरामला धरलं. तो रडला. शेड सरांच्या मेहुण्याची, भाऊरावची. सिद्धेशने त्या शेडच्या शिशाचा निकाल आधी सरांनाच दाखवला होता. सरांनी त्याला शेडवर बोलावलं. गाडी धोंडिरामनेच चालवली. जाताना तिघे होते, येताना दोघे. उद्या पोलिसांत सांगतो म्हणाला.

शुक्रवार, १७ जानेवारी
धोंडिराम राजावाडी हॉस्पिटलात. दोन्ही हातांची बोटं हातोड्याने ठेचलीत — एकेक करून, नर्स म्हणाली. जबडा तोडलाय. बोलता येत नाही. मला बघून नुसता मान हलवत राहिला.
मी घाबरलेय. खूप घाबरलेय.
काकू बाजारात होत्या. दोन्ही दाढा देव्हाऱ्यात ठेवल्या, कुंकवाच्या करंड्यात. माझीही, कप्प्यातून आणून. नंबर लिहिलेत.
उद्या निकालांची प्रत घेणार आणि सरळ पोलीस चौकी.

शनिवार, १८ जानेवारी. दुपार
प्रत मिळाली. पण बाहेर —
सर आणि भाऊराव. हातात लोखंडी सळई. वॉचमनला घरी पाठवलंय, मी ऐकलं.
शुद्ध खोलीत कोंडून घेतलंय. इथे फोन आणत नाहीत, धूळ नको म्हणून. माझा फोन बाहेर खुंटीवर. सर तो हातात घेऊन उभे आहेत. काहीतरी टाइप करतायत.
काकू, मी दुबईला जाणार नाहीये. तुमचा सिद्धेशही गेला नाही.

काच तडकली.

वही नमुने आत घ्यायच्या वीतभर खिडकीतून मागच्या कचऱ्याच्या डब्यात टाकते. सोमवारी झाडूवाली जयंती येते. जयंती, ही घाटकोपरला सिद्धेशच्या आईला, विमलाकाकूंना दे.
करंडा उघडा. सतरा तुमचा. अठरा मी.
शेडची राख चाळा, आणि जो दात निघेल तो अठराशी —