पीचचा लिलाव

ड्राय फोर्क, टेक्सास
३ मार्च

ती. लोरीनमावशीस,
वेंडेलचा शि. सा. न. वि. वि.

गुरांचे लिलाव पुकारणारा तुझा भाचा विशेष मुलांचा मास्तर झाला, याला तूच जबाबदार. ‘आधी वर्ग, मग शिक्षकाचा दाखला’ हा आडमार्ग तूच सुचवलेला. येत्या गुरुवारी निरीक्षक मिसेस ऑडम यांची शेवटची पाहणी आहे. त्या नाही म्हणाल्या, तर दाखला गेला आणि वर्गही गेला. बाकीची मुलं रुळलीत. नोव्हा तेवढी बोलत नाही, आणि चित्रांच्या पाटीवर बोट ठेवूनही तिनं अजून काही मागितलेलं नाही. मदतनीस डॉटीबाई म्हणतात, गुरुजी, तुम्ही श्वास घ्याल तर पोरीला मध्ये शिरता येईल!

तुझ्या मायेच्या भरवशावर,
वेंडेल

अबिलीन
६ मार्च

चि. वेंडेल यास अ. उ. आ.

आडमार्ग म्हणू नकोस. इतर जण आधी शिकतात, मग वर्गात येतात. तू हातातल्या पदवीवर थेट वर्गात आलास, आणि अभ्यास, परीक्षा व देखरेख सोबत चालू आहेत. वाट निराळी, मुक्काम एकच. आता नीट वाच. दोन वस्तू समोर धर. एकदाच विचार. मग गप्प राहा. तिचं बोट, भुवई, मान, जे हलेल ते उत्तर समज. लिलावात टोपीची कड हलली तरी तुला बोली कळायची ना? मग इथेच कसली घाई? आणि ‘एकवार, दोनवार’ तोंडातून निघालं, तर मी स्वतः येऊन कान उपटीन.

खुशाली कळव. धीर सोडू नकोस.
तुझी मावशी

ड्राय फोर्क
१३ मार्च

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

कान तयार ठेवलेत. पाहणीच्या दिवशी नोव्हापुढे पीच आणि पुडिंग, असे दोन डबे धरले. एकदाच विचारलं. मग इतका गप्प राहिलो, की डॉटीबाईंनी माझी नाडी पाहिली. नोव्हा ढिम्म. तेवढ्यात मागे बसलेल्या मिसेस ऑडमनी चष्मा वर सारला, मला ती बोलीच वाटली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, पीच त्या बाईंना, दिले! डबासुद्धा त्यांच्या मांडीवर ठेवून मोकळा झालो. मेलो, म्हटलं.

तोच नोव्हा उठली. पाटी घेऊन तरातरा त्यांच्यापुढे गेली आणि ‘माझं’ या चित्रावर बोट आपटत राहिली. मिसेस ऑडमनी मुकाट्यानं डबा दिला. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, मुलीनं प्रथमच स्वतःहून मागणी केली. दाखल्याची शिफारस करते. तोंडी मात्र बजावलं, मास्तर, पुन्हा मला काही विकलंत तर बघा!

नोव्हानं पीच घेतले, पुडिंगही उचललं. मी तोंड उघडणार, तोच तिनं टेबलावर हातोड्यासारखा दाणकन हात मारला. लिलाव संपला, मावशी.

रविवारी कान घेऊन येतो. लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझा वेंडेल